सागरच्या बँडला जाऊन आलो

रविवार, पौष वद्य एकादशी

आज नारायणगावच्या छोट्या हॉलात सागरच्या बँडचं ते प्रायोगिक मेटल संगीत ऐकलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळात पखवाजावर ठेका मोडतो म्हणून या पोराला मी भर भजनातून उठवलं. तेव्हापासून अबोला. आज ड्रमवर त्यानं ठेका शंभर ठिकाणी मोडला, कानठळ्या बसल्या, पण सम एकदाही चुकली नाही. खरंच, एकदाही नाही. मग तेव्हा मला काय खुपलं होतं?

भजन संपल्यावर आम्ही लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतो, तसा आज कार्यक्रम संपल्यावर त्याच्यापुढं वाकलो. त्यानं पाय मागं घेतला.

"अण्णा, लोक बघत्यात. तवाबी बघत व्हते."

मी माफीच मागत होतो. त्याला कळलं नसेल का? कळलं असणार. कळूनच त्यानं पाय मागं घेतला.