सूज उतरेल

६ जानेवारी, मंगळवार

आज डॉ.कडे गेलो. निखिलला ऑफिसातून सुटता आलं नाही, सूनबाईंची मीटिंग. म्हणजे मी आणि हे. डॉक्टर इजिप्तचे, हिंदीचा गंध नाही. ह्यांचं इंग्रजी डेपोतल्या स्पेअर पार्टांपुरतं. सगळी मदार माझ्या कॉन्व्हेंटवर.

डॉक्टर सावकाश, स्वच्छ बोलले. कॅन्सर आहे. लिव्हरमध्ये पसरलाय. आता फक्त त्रास कमी करता येईल. इंडियाला न्यायचं तर दोन-तीन आठवड्यांत न्या, पुढे पोटात पाणी साठेल, विमानात घेणार नाहीत. मग पेन खाली ठेवून मला म्हणाले, टेल हिम, प्लीज.

"काय म्हणतात?" हे.

"लिव्हरला सूज आहे. उतरेल. वेळ लागेल म्हणाले."

"एवढं बोलले आणि नुसती सूज?"

"इंग्रजीत लांबतं."

हसले. डॉक्टरांना हात जोडून थँक्यू म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

निखिलने कालच बजावलं होतं, "आई, काहीही निघालं तरी बाबांना नाही सांगायचं. खचतील ते." मुलाचं ऐकलं, असं लिहून मोकळं होता येईल. पण मिरजेच्या त्या घरात ह्यांना घेऊन मी एकटी, हा विचारच झेपत नाही. इथे आखातात लिफ्ट आहे, निखिल आहे, नात रेवा आहे.

आठवीत सिस्टर ॲग्नेसनी भाषांतराचं बक्षीस दिलं होतं. एक शब्द जास्त नको, एक कमी नको, म्हणायच्या. निळ्या कव्हरचा शब्दकोश. अजून मिरजेच्या कपाटात असेल.

७ जानेवारी

रेवा शाळेतून आल्यावर तिला समजावलं. अकरा वर्षांची आहे, घरातलं सगळं कानावर पडतंच. आजोबांनी विचारलं तर सूज म्हणायचं.

"बट आजी, दॅट्स लाइंग."

"मोठ्यांच्यात असतं तसं."

चॉकलेट दिलं. घेतलं तिने, लगेच खाल्लं मात्र नाही.

८ जाने.

हे सकाळी, दाढी करताना: "सूज उतरली की मिरजेला जाऊ. आप्पाला एकदा बघावंसं वाटतं."

आप्पा म्हणजे धाकटे दीर. नऊ वर्षं हे त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. सासूबाई आजारी होत्या तेव्हा आम्ही इथेच आलो होतो. दादाला उगाच घोर नको म्हणून आप्पांनी कळवलं नाही, हे पोचले ते तेराव्याला.

नऊ वर्षांनी आपण होऊन नाव काढलं. मी म्हटलं, बघू.

१० जानेवारी, शनिवार

चहानंतर नेहमीप्रमाणे हॉस्पिटलची ती इंग्रजी मालिका. ह्यांना आवडते. डॉक्टर लोक इंजिन उघडल्यासारखं माणूस उघडतात म्हणतात. पात्र बोललं की मी मराठीत सांगायचं, हे मान डोलावणार. आमची ही दोन महिन्यांची गंमत. रेवा शेजारी मोबाइलवर.

आजच्या भागात एक म्हातारा सुतार. बायको उशाशी. पांढऱ्या केसांचा डॉक्टर खुर्ची सोडून पलंगाच्या कडेला बसला आणि सगळं सांगून टाकलं. पसरलंय, उपाय नाही, थोडे आठवडे. जवळजवळ आमच्याच डॉक्टरांचे शब्द.

"काय म्हणतो गं?"

"सूज आहे म्हणतो. उतरेल."

तेवढ्यात पडद्यावरची बायको पलंगाचा गज धरून खाली बसली आणि हंबरडा फोडला.

"सूज उतरणार म्हणून रडते होय ही?"

"आजी, बट ही सेड..." रेवा.

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "पाणी आण जा आजोबांना."

म्हाताऱ्याने बूट मागितले. घरी जायचं म्हणाला. डॉक्टरने गुडघ्यावर बसून लेस बांधल्या. ते सांगायची गरजच पडली नाही. हे टीव्ही बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

११ जाने.

"तो कालचा भाग परत लाव."

लावला.

"सांग."

सांगितलं. सूज.

"परत लाव."

तीनदा. आवाज चढवला नाही, डेपोतल्या पोराला शिकवावं तसं शांतपणे. चौथ्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "म्हातारा मरणार आहे, असं सांगतात त्याला."

"हं. आणि बायकोला कधी कळलं?"

"त्याच वेळी."

"नशीबवान म्हातारा."

बास. स्वतःबद्दल काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. रात्रीची भाजी करपली.

१४ जाने.

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या. ह्यांच्या हातावर ठेवली. म्हणाले, "गोड बोल म्हणतात आज. तुला वेगळं सांगायला नको."

निखिलला म्हटलं, त्यांना कळलंय रे, आता सांगू आणि नेऊ. तो म्हणाला, "आई, एका मालिकेवरून काय कळणार? दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट पाठवलेत. इन्शाल्ला, आठवड्यात उत्तर येईल." सगळे इथे इन्शाल्ला म्हणतात, तोही शिकलाय. मला ते पटलं. पटवून घेतलं.

१९ जाने.

विजार कमरेला बसेना, पोट वर आलंय. मी नाडी सैल करत होते. पोटावर थाप मारून म्हणाले, "बघ, उतरतेय."

२२ जाने.

दुसऱ्या डॉक्टरचं उत्तर तेच.

दुपारी हे आणि रेवा दार लावून आत. बाहेर ऐकू येत होतं.

"कॅन आय गो होम."

"लाउडर, आजोबा."

"कॅन आय गो होम."

मला वाटलं, शाळेचा खेळ चाललाय. नाही, वाटलं नाही. कळलं होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

डॉ. कडे तिसऱ्या आठवड्याची फेरी. मी बसण्याआधीच हे पुढे वाकले. "डॉक्टर, कॅन आय गो होम?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांना सगळं सांगितलं, हात त्यांच्या हातावर ठेवून. पाणी झालंय, ऑक्सिजन कमी पडतो. विमानाने आता नाही. मागच्याच वेळी बोललो होतो. तसं पत्रही लिहून दिलं. मग दोघंही माझ्याकडे बघत थांबले.

सांगितलं. मागच्या वेळचं धरून सगळं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

टॅक्सी कुसैस भागातल्या सिग्नलला थांबली तेव्हा हे म्हणाले, "विमान नाही, हे डॉक्टर म्हणाले की तू?"

"डॉक्टर. शपथ."

"सूजही डॉक्टरच म्हणाले होते."

घरी आल्या आल्या पलंगाखालची बॅग ओढली. धाप लागली, तरी मला हात लावू देईनात. दोन सदरे, दाढीचं सामान. मग फोन लावला. नऊ वर्षांनी, नंबर पाठ.

"आप्पा, मी बोलतोय... रडतोस काय लेका, ऐक. येतोय मी. पुढची खोली झाडून ठेव... हो, तीही येईल. तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस."

फोन ठेवला. मी पत्र पुढे केलं. अहो, वाचा तरी. तर म्हणाले, "मला इंग्रजी येत नाही, म्हणून तर हे सगळं." मग बॅगेची चेन लावत, "आप्पाने गप्प राहून फसवलं. तू बोलून फसवलंस."

रेवाला हाक मारली. "ये गं, हे वाचून दाखव मला. मराठीत."

ती पत्र घेऊन उभी राहिली. ओठ हलवत सगळं वाचलं मनात. मग माझ्याकडे पाहिलं. मी शिकवलं होतं तसंच, आधी माझ्याकडे.

मी उठून स्वयंपाकघरात आले. ओट्यावर हे लिहितेय. तिला मान हलवून हो म्हणायचं होतं, खरं ते सांग म्हणायचं होतं. हललीच नाही मान.

आतून ह्यांचा आवाज, "वाच की गं."

अजून ती बोललेली नाही.