उरलेला भात

१२ जानेवारी
विहारातल्या तपासणी शिबिराचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची शुगर ६.१! डॉ. चैताली म्हणाल्या, "काका, अजून डायबिटीस नाही, प्री-डायबिटीस आहे. आताच आवरलं तर टळू शकतं. नाहीतर पुढे डोळे, किडनी, हृदय." नामपूरचा दादा आठवला. शुगरनं पाय कापला तरी म्हणायचा, "काही व्हत नही रे मल्हारी." वर्षात गेला.

काकूंनाही आणा म्हणाल्या. लताला सांगितलं. "मला काय धाड भरलीय? तुमचं बघा आधी."

१३ जानेवारी
साखर बंद. चहा कसला — काढा!

२ फेब्रुवारी
लताचा हुकूम — दोन भाकऱ्या, पालेभाजी, भात नाही. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानाला चालत पाच फेऱ्या. वर्कशॉपमधला अमोल म्हणतो, "शेठ, पट्ट्याला नवीन भोक पाडा आता!"

१८ मार्च
लता फोनवर तिच्या बहिणीला, आशाला — "पोरासाठी, प्रफुल्लसाठी भात लावतेच. ह्यांच्या वाटचा उरतो. टाकवत नाही गं, मीच संपवते." सिन्नरला एका खोलीत संसार मांडला तेव्हापासून हेच. उरेल ते तिच्या ताटात. मी आतून ओरडलो, "तरीच! मी वाळतोय आणि तू भरतेयस!" दोघी खूप हसल्या.

२० एप्रिल
५.६! डॉक्टर खूश. "काकूंची तपासणी?" मीच बोललो, "ती ठणठणीत आहे हो."

९ नोव्हेंबर
लताच्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे भरत नाही. ओढूनच नेलं. शुगर ८.४. डायबिटीस.

रस्त्यावरून आवाज ऐकून मोटारीचं बेअरिंग गेलंय हे सांगणारा मी. घरात ही घटाघटा पाणी पिते, तांब्यामागून तांब्या, ते ऐकलं नाही.

रिक्षात म्हणाली, "तुमची उतरली ना? मग झालं." मी तिचा पाय बघत राहिलो.

११ नोव्हेंबर
दादाचाही अंगठाच होता.

१४ नोव्हेंबर
ड्रेसिंगला नेलं. मी पडद्याबाहेर. आतून सिस्टर हळू आवाजात — "मावशी, जानेवारीत विहारात तुमचा रिपोर्ट देताना मीच सांगितलं होतं ना? सहा पॉइंट तीन आहे, डॉक्टरांना भेटा म्हणून?" लता म्हणाली, "बाहेर बोलू नका. दोघांचं निघालं असं कळलं असतं तर ते माझ्याच मागे लागले असते. स्वतःचं काही केलं नसतं."

खरंय. नसतंच केलं.