एक, चार, दोन

आप्पा, मी योगाच्या वर्गाला जायला लागले आहे. हसू नका. तुम्ही हसलात की पाठोपाठ खोकला यायचा आणि मग आई मला बोलायची. त्रेपन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, रोज थोडा योग करा, तुम्हाला काय सांगायचं टीचर, तुम्ही तर संस्कृतवाल्या. ज्याला शब्द येतो त्याला ती गोष्टही येते, हा आपल्याकडचा जुनाच समज. इतकी वर्षं शाळेत शिकवताना मीही तो कधी खोडून काढला नाही. सोयीचा होता.

इथल्या, बेळगावच्या कॅम्प भागातून जांभळी चटई आणली. आज अकरावा दिवस. शिकवणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. चिकोडीकडची, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी, बेळगावात हॉस्टेलला राहून शिकलेली. दहावीला संस्कृतात मी तिला ओढूनताणून पास केलं होतं. आता ती मला वाकवते आहे. पहिल्याच दिवशी एका आसनाचं नाव तिनं चुकीचं म्हटलं आणि मला राहवेना. मी ते नीट फोड करून सांगितलं. तेवढा वेळ वर्गातल्या पंधरा बायका एका पायावर उभ्या होत्या. ती हात जोडून म्हणाली, "टीचर, अर्थ नंतर सांगा की. आधी पाय उचला." पाय उचलला नाही. अर्थ मात्र बरोबर होता.

घोटाळा सातव्या दिवशी झाला. मांडी घालून, डोळे मिटून बसलो होतो आणि ती सहज म्हणाली, "ज्यांना बीपी आहे, दमा आहे, त्यांनी श्वास रोखून धरायचा नाही हां. नुसता घ्यायचा, सोडायचा. टीचर, तुम्हीसुद्धा." बाकीच्या बायका श्वास घेऊन सोडत राहिल्या. माझा तिथेच अडकला.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी आहे. मी बेळगावहून, कॉलेजातून, निपाणीच्या घरी आले आहे. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे. तुम्ही वखारीतून दिवसभर तंबाखू चाळून आला आहात, पापण्यांवर ती तपकिरी धूळ तशीच. दम्यानं दारातून पाटापर्यंत यायला तुम्हाला मध्ये एकदा भिंत धरावी लागते. बसता, पाण्याचा तांब्या बाजूला सारता आणि म्हणता, "आक्का, तुज्या बुकात श्वासाचं कायतरी हाय म्हणतीस. सांग की जरा."

तुम्ही मला काही विचारलंत, अशी ती पहिलीच वेळ होती आप्पा. मी पानावरून तशीच उठले आणि खरकट्या हातानं शिकवायला बसले. एक मोजून घ्यायचा, चार मोजून धरायचा, दोन मोजून सोडायचा. जितका जास्त धराल तितकं फळ मोठं, हेही वर सांगितलं. तुम्ही बोटांवर मोजत धरलात. डोळे लाल झाले, मानेच्या शिरा वर आल्या आणि मग जो खोकला सुटला तो थांबेना. आई पिठाच्या हातांनी उठली. "अगं, मारतीस काय त्येंला?"

"तू गप गं," तुम्ही धापा टाकत म्हणालात. "पोरगी शिकलीया. तिला ठावं हाय."

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला आले की मी पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, रोज करता ना? "व्हय की. लई बरं वाटतंय." दोन वर्षं हेच उत्तर. मग तुम्ही गेलात. आणि मी पुढे वर्गावर्गांतून अभिमानानं सांगत राहिले की माझे वडील तंबाखूच्या वखारीत राबून रोज प्राणायाम करायचे.

सातव्या दिवशी घरी येऊन मी धाकट्या भावाला निपाणीला फोन केला. तो आधी हसला. "आप्पा आणि श्वास रोखत्यात? आक्का, तू येणार म्हटलं की तेवढं गाल फुगवून बसायचे. तुझी एसटी सुटली की चहा मागायचे."

"खरं सांगतोस?"

"खोटं कशाला बोलू? जेवलीस काय तू?"

आता हा धाकटा कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. समोरच्याला बरं वाटेल ते खरं, असा त्याचा सगळा कारभार. आईच्या शेवटच्या आजारपणातही तिला रोज सांगायचा, रिपोर्ट चांगला आलाय. आणि मला एक सकाळ स्पष्ट आठवते. मी लवकर उठले होते. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसला होतात, पाठ माझ्याकडे, उजव्या हाताचा अंगठा पेरांवरून हळूहळू सरकत होता. बघणारं कुणी नसताना माणूस गाल कशाला फुगवील? पण मग वाटतं, माझ्या बांगड्या वाजल्या असतील का? तेव्हा हातात होत्या की नव्हत्या, हेसुद्धा आता आठवत नाही.

तुम्ही खरंच रोखत असाल, तर होता तेवढा श्वासही मीच तुमच्याकडून काढून घेतला. नाटक करत असाल, तर दोन वर्षं मला बनवलंत, आणि मी त्याचा आनंद मानायचा की राग, कळत नाही. यातलं एक धरलं की दुसरं सुटतं. त्या मुलीला विचारता येईल, दम्याच्या माणसानं रोज असं केलं तर काय होतं म्हणून. तीन दिवस त्यासाठी लवकर गेले. तिन्ही दिवस गुडघ्याबद्दल विचारून आले.

आज वर्ग संपल्यावर ती माझ्या चटईपाशी येऊन बसली. "टीचर, बरं वाटतंय ना?" आप्पा, तिचा चेहरा बघायला हवा होता. संस्कृतात काठावर पास झालेली पोर आपल्या टीचरला काहीतरी शिकवत होती आणि उत्तराकडे डोळे लावून बसली होती. माझा गुडघा ठणकत होता. श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा, याचा अजून पत्ता नाही. मी म्हणाले, "लई बरं वाटतंय."

शाळेत मी असं बोलत नाही. ती हसली, उठून गेली. ते खरं नव्हतं, पण खोटं म्हणायलाही मन होईना. म्हणजे धाकट्याचं बरोबर असेल. किंवा नसेल. मी तिथेच आहे.

हा कागद चटईत गुंडाळून ठेवते. उद्या ती उलगडेपर्यंत राहील. तुम्ही आईला म्हणाला होतात, तिला ठावं हाय. आप्पा, मला आकडे पाठ होते. तुम्हाला शिकवलं त्या दिवसापर्यंत मी स्वतः तो श्वास एकदाही रोखून पाहिला नव्हता.