शेवटच्या माणसामागे

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! सामान क्वार्टरमध्ये टाकलं आणि आधी इमारत पाहायला पळालो. पळालो म्हणजे या गुडघ्यांना जमेल तसं. विज्ञान प्रदर्शन म्हटल्यावर मी आपला चार हॉल आणि एक जिना धरून चाललो होतो. इथे जिनाच नाही. बाहेरून पांढरीशुभ्र, कोपरा म्हणून औषधाला सापडणार नाही. आत मधोमध पोकळी, वर काचेचं छत आणि पोकळीभोवती गोल गोल खाली येणारा एकच रुंद रस्ता. लोकांनी लिफ्टने वर जायचं आणि भिंतीकडेची यंत्रं, ग्रह, माणसाएवढा मोठा कान असं काय काय बघत पायी उतरायचं. उतार इतका हलका की आपण उतरतोय हे पायांना कळतसुद्धा नाही. बांधणाऱ्याच्या डोक्याला मानलं बुवा.

हिला सांगितलं तर म्हणाली, जन्मभर चढच चढलो, आता उतारावरची नोकरी मिळाली, बरंच झालं. शाळांचे गणवेश शिवून शिवून हिने पाठीचा पार भुगा करून घेतलाय. येताना शिलाई मशीन विकून टाकलं. आता हिने फक्त आराम करायचा. या वयात नवी नोकरी धरली ती एवढ्याचसाठी.

५ मार्च, बुधवार

मोठ्या साहेबांनी काम समजावलं. दिवे, लिफ्ट, छताची गळती, सगळं माझ्याकडे. एका गोष्टीवर मात्र त्यांनी फार जोर दिला. संध्याकाळी बंद करताना जो शेवटचा माणूस उतारावर असेल त्याच्या मागे सुपरवायझरने, म्हणजे मी, चालायचं, तो दाराबाहेर पडेपर्यंत. का, ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. नव्या नवरीने फार तोंड उघडू नये.

दारावरच्या पहारेकऱ्याला सगळे भोंगा म्हणतात. वेळ झाली म्हणून तो खालून ओरडतो तेव्हा छताच्या काचा थरथरतात. माणूस साधा आहे.

११ मार्च, मंगळवार

गुडघ्यांनी संप पुकारलाय. घरी येतो आणि बूट न काढता आडवा होतो. ही पाय चेपायला बसते, म्हणजे आराम कुणी करायचा आणि करतंय कोण.

आज जरा डोकं चालवलं. खाली पोकळीत उभं राहून मान वर केली की उताराचा वेढा न् वेढा दिसतो. मग चालायचं कशाला? भोंग्याला म्हटलं, इथूनच बघू. तोही खूश, त्यालाही लवकर सुटायचंच असतं. त्याने आरोळी ठोकली, दोघांनी वर पाहिलं, चिटपाखरू नव्हतं. दिवे बंद. साहेबांना कळलं तर, असं हिने विचारलं. म्हटलं, साहेब कशाला बघायला येतात.

१७ मार्च, सोमवार

सकाळी कुलूप काढलं तर वर कुणीतरी चालत होतं. राखाडी शर्ट, हातात प्रदर्शनाचा कागद. लिफ्टने वर गेलो, सगळा उतार उतरत आलो, कुणी नाही. खाली येऊन पाहिलं तर तो समोरच्या बाजूला चालतोच आहे. भोंग्याला दाखवला, त्याला दिसेना. साहेब, तुमची झोप होत नाही वाटतं, म्हणाला. झोप होत नाही हे खरंच आहे.

१९ मार्च, बुधवार

आता बरेच आहेत. पाय ओढत, कठडा धरून चालतात. एक बाई वाकून मला काहीतरी विचारते. आवाज पोचत नाही, पण ओठांवरून कळतं. दार कुठे आहे, असं विचारते.

मोठ्या साहेबांकडे गेलो. रोज मागे चालता ना, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हणालो. धडधडीत खोटं. मग काळजी नको, म्हणाले, कारण एकदा मागे राहिलेल्याला परत आणता येत नाही.

संध्याकाळी पुन्हा चाललो, नियमाने. उशिरा सुचलेलं शहाणपण.

२१ मार्च, शुक्रवार

गुडघा सुजून टम्म. आज अंथरुणातच. ही म्हणाली, एवढी मोठी इमारत, मी अजून पाहिली नाही, दुपारी जाऊन येते. नको म्हटलं. का नको ते सांगितलं नाही, वेड लागलं म्हणाली असती. मग डोळा लागला.

अंधार पडला. आली नाही. भोंगा घरी जाताना खिडकीशी थांबला. तुम्ही शिकवलंत तसंच केलं साहेब, म्हणाला. खालूनच पाहिलं, कुणी नव्हतं.

२२ मार्च

दिसली. वरच्या वेढ्यावर. खांद्यावर तीच निळी शाल. मला पाहून हसली, हात केला. आलेच, असा.

दिवसभर आलेच, आलेच —

२३ मार्च

आता हसत नाही. पाठीवर हात ठेवून चालते. आराम करायला आणलं होतं मी हिला.

परत आणता येत नाही. नसेल येत. मागे चालता तर येईल. भोंग्याला बजावलं, आम्ही दोघं येईपर्यंत दिवे मालवू नकोस. हो म्हणाला.

लिफ्टने वर —

तारीख माहीत नाही

सापडली. हात गार. एवढा वेळ कुठे होतात, असंही विचारलं नाही. मी मागे, ती पुढे.

वेढा. परत वेढा. तोच मोठा कान, परत तोच —

खाली भोंगा दिसतो. ओरडलो. मान वर करून नीट बघतोय, अगदी आमच्याकडे. मग मान हलवली. कुणी नाही, अशी. दिवे —

छताचा उजेड आहे थोडा. वही भिंतीला टेकवून — एक हात तिच्या पाठीला. टेका तेवढाच.

जरा बसू का, म्हणते. नको म्हटलं. कडेला बसलेले पाहिलेत मी, ते उठत —

अजून किती, विचारते. हा शेवटचा वेढा, म्हटलं.

पुन्हा विचारते. हा शेवटचा.

पाय उचलत नाही तिचा. भांडली असती तर बरं होतं. फक्त विचारते, अहो, अजून किती. हाच गं, हा शेव —