नावाड्याची चाल

बर्लिन, ३ नोव्हेंबर १९२४

आज हात ऐकेचना! लोर्केबाईंनी त्यांच्या सावल्यांच्या सिनेमातल्या नावाड्याचं चित्र काढून दिलं होतं. काळ्या पुठ्ठ्यातून कापायचं, एवढंच माझं काम. कात्री चेहऱ्याशी आली आणि एवाल्डचं नाक निघालं — मधे उंचवटा असलेलं. बाईंनी तुकडा दिव्यासमोर धरला.

"ऑटिली, हे नाक माझ्या चित्रात नव्हतं."

"नवऱ्याचं आहे. युद्धातून आला नाही तो."

"राहू दे मग. माझ्या नावाड्यापेक्षा बरा दिसतोय."

४ नोव्हेंबर

हात, मान, गुडघे वेगळे कापून तारेने जोडले. नावाडी काचेवर निजवला. खालून दिवा, वर कॅमेरा. पाय केसभर सरकवायचा, एक फोटो. पुन्हा केसभर.

कुणाला सांगितलेलं नाही — एवाल्ड कसा चालायचा, तेच मला आठवत नाही. चेहरा आठवतो, खोकलासुद्धा आठवतो. चाल गेली. हा चालायला लागला की ती सापडेल, असं वाटतंय.

६ नोव्हेंबर

बाईंचा नियम : पात्र हलवण्याआधी आपण चालून बघायचं. खोलीभर येरझाऱ्या घातल्या. सोबत काम करणारी हेर्टा म्हणते, "अगं, जमीन झिजवशील बाईंची."

१४ नोव्हेंबर

काचेवर वाकून वाकून माझी मान धरली आहे. काम सोडवत मात्र नाही.

२१ नोव्हेंबर

पडद्यावर चालला! पुठ्ठा मीच कापलेला, तार मीच पिळलेली, सगळं ठाऊक असून अंगावर काटा आला. नदीकाठाने आला, थांबला, मान वळवली. देवा, हे कसं होतं? मला रडू आवरेना. असाच चालायचा तो, अगदी असाच! बाई म्हणाल्या, "रविवारी सासूबाईंना घेऊन ये."

२३ नोव्हेंबर

मृतांचा रविवार. सगळे फुलं घेऊन स्मशानात. आम्हाला जायला थडगं नाही, म्हणून सासूबाईंना पडद्यासमोर बसवलं. ट्राममध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. आवडलं नसावं.

२४ नोव्हेंबर

सकाळी कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "नाक त्याचं आहे. चाल तुझी आहे, पोरी."

त्यांनी किटली खाली ठेवली, उठल्या, डावा खांदा जरा पुढे काढला — आणि एवाल्ड चुलीपासून दारापर्यंत चालत गेला.