चेहरे तिला, कोट मला

अण्णा, काकू गेल्या. मागच्याच महिन्यात, झोपेत, कुणाला त्रास न देता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ही बातमी मी तुम्हाला द्यावी यात काही अर्थ नाही, पण काकूंच्या फोटोवरून जे झालं ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायचं तर तुम्हालाच सांगायला हवं. कारण त्याची सुरुवात तुमच्या परभणीच्या दुकानात झाली. तिथे मी तुमच्या हाताखाली फोटोचं काम शिकलो, आणि माझ्यानंतर दोन वर्षांनी पेडगावहून गाडीने येणारी ती मुलगीही शिकली.

तुम्हाला आठवतो का तो म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो? माणूस वारलेला, घरात एकच जुना फोटो, आणि तेरवीला मोठा करून हवा होता. तुम्ही त्या फोटोचं निगेटिव्ह काढून माझ्यापुढे ठेवलं. मी टोकदार पेन्सिलीने त्याच्या सुरकुत्या भरल्या, भुवईवरचा एक वेडावाकडा डाग भरला, चेहरा अगदी गुळगुळीत केला आणि शाबासकीची वाट बघत तुमच्या खुर्चीमागे उभा राहिलो. तुम्ही भिंगातून पाहिलं आणि म्हणालात, "अरे, बैलानं शिंग मारलेली खूण हाय ती. सारं गाव त्याला त्याच्यावरनं वळखायचं. पुसायच्या आदी घरच्यांना इचारलं का?" विचारलं नव्हतं. मग तुम्ही ते निगेटिव्ह तिच्याकडे सरकवलंत. "आजपासून चेहरे ही करंल. तू कोट कर."

कोट म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून पटत नाही. ज्याने जन्मात सदऱ्यावर काही घातलं नाही, त्याच्या घरच्यांना भिंतीवर मात्र कोटातला माणूस हवा असायचा. मी शेकडो कोट रंगवले, साड्यांचे काठ रंगवले, टोप्या बसवल्या. पलीकडे ती डोळे उघडायची. मिटल्या डोळ्यांचा फोटो आला तरी ती आधी घरच्यांना समोर बसवायची, तो हसायचा कसा, बघायचा कसा, कोणत्या डोळ्यात पाणी यायचं, सगळं विचारून घ्यायची, आणि मगच पेन्सिल उचलायची. मला ते बायकी चौकशीचं खूळ वाटायचं. तुम्ही तुमचं पितळी कडीचं भिंग तिला दिलंत आणि मला नवी कोरी कात्री. ती कात्री अजून माझ्या गल्ल्यात आहे. चांगली कापते. तिच्याकडे पाहिलं की पोटात दुखतं.

पुढे मी गंगाखेडला दुकान टाकलं, तिने परभणीत टाकलं, आणि सगळं काम संगणकावर गेलं. सुरुवातीला गंगाखेडात आम्ही सगळेच सॉफ्टवेअरच्या चोरीच्या कॉपीवर चाललो होतो, कुणीतरी सीडी आणायचा आणि ती गावभर फिरायची. मग नवा संगणक घेतला तर ती चालेना, आणि खरं सॉफ्टवेअर घ्यायचं तर दरमहा भाडं भरा म्हणे. घराचं भाडं ऐकलं होतं, ब्रशचं भाडं पहिल्यांदा ऐकलं. मी फुकटची शोधायला लागलो. एक नेटवरच उघडायचं, आणि आमच्याकडे रेंज गेली की नवरदेवासकट गायब व्हायचं. दुसरं चित्र काढणाऱ्यांचं निघालं, त्यात फोटो दुरुस्त करणं म्हणजे पळीने लाकूड तोडणं. तिसऱ्यात सगळं होतं, फक्त एकही बटण जुन्या जागी नव्हतं. महिनाभर चाचपडलो आणि तेच धरलं. गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगायचो की मी चोरीचं वापरत नाही. पण परभणीला तिने केलेला एखादा फोटो पाहिला, त्यातला माणूस आता बोलेल असा वाटला, की माझ्या तोंडून हटकून निघायचं, "तिच्याकडं महागडं सॉफ्टवेअर हाय. पैशाचा खेळ हाय सगळा." आणि हे बोललो की मला जेवण गोड लागायचं.

तुमच्या घरी भिंतीवर तुमचा जो फोटो आहे तो तिने केलेला. तुम्ही गेलात तेव्हा मला कुणी विचारलंही नाही. त्या भिंतीकडे पाहायला नको म्हणून मी दिवाळीलाही काकूंना दारातूनच नमस्कार करून निघायचो. आणि या वेळी तुमचा मुलगा आधी माझ्याकडे आला. तो इथेच साखर कारखान्यात आहे, त्याला माझं दुकान जवळ, एवढंच कारण. पण मला वाटलं, अखेर माझी पाळी आली. आता तिने केलेल्या फोटोशेजारी मी केलेला फोटो लागणार. दुःखाच्या घरच्या माणसासमोर मी मनात हसलो, अण्णा. खोटं कशाला सांगू?

फोटो मोबाइलवरचा होता, नातवाच्या लग्नातला. काकूंच्या खांद्यावर कुणाचा तरी हात, कपाळावर हॅलोजनची चमक. मी हात काढला, मागे निळा पडदा टाकला, चमक घालवली आणि चेहऱ्यावरून डाग काढायचा ब्रश फिरवला. झकास झालं. तुमच्या मुलाने नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. बरोबर तुमची मुलगी होती, रडून डोळे सुजलेले. ती म्हणाली, "दादा, हे कपाळ कुणाचं हाय? आईचं गोंदण कुठं गेलं?"

भुवयांमधले ते तीन हिरवे ठिपके आणि हनुवटीवरचा एक. तुम्ही गेल्यावर काकूंनी कुंकू लावलं नाही. त्या कपाळावर जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि तेच मी डाग समजून पुसलं होतं. तुमच्या घरी इतकी वर्षं जेवलो, आणि वाढणाऱ्या बाईचं कपाळ मला आठवलं नाही. तुमचा मुलगा खाली बघत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण परभणीच्या ताईकडं द्यावं म्हणतो. परवा तेरवी हाय." मी म्हणालो, मीच घेऊन जातो. भलेपणाने नव्हे. तिचं ते महागडं सॉफ्टवेअर मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

सकाळच्या एसटीने गेलो. तिचे केस पांढरे झालेत. तिने चहा मागवला, मग तुमच्या मुलीला फोन लावला. ठिपके किती? मधला मोठा होता का? हनुवटीवरचा फिका पडला होता का? आई बोलताना कपाळाला आठी पाडायची ना? पाऊण तास फोनच चालला. टेबलावर तुमचं भिंग होतं. मग तिने संगणक उघडला आणि मी पडद्याकडे बघतच राहिलो. माझंच होतं ते, अण्णा. तेच फुकटचं, तीच बटणं, माझ्यापेक्षाही जुनं.

"ते महागडं कुठं गेलं?" मी विचारलं.

"ते कवा होतं माझ्याकडं? मी तर पहिल्यापासून हेच वापरायलेय." ती हसली. "लोक मलाबी इचारतात. म्हणतात, गंगाखेडच्या दादांनी सांगितलं."

नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही येता-जाता म्हणायचात. माझं तर अंगणही तिच्या अंगणासारखंच निघालं. मी चहा संपवला. तासाभरात काकूंचं कपाळ परत आलं, एक ठिपका जरा पसरलेला, जसा होता तसा. मग ती उठली आणि मला खुर्ची दिली. "पदर तुमी करा दादा. कपड्याला तुमचा हात लय चांगला हाय." तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याचाच जास्त राग आला. मी पदर केला, काठ केला, निऱ्या नीट केल्या.

तेरवीला फोटो तुमच्या शेजारी लागला. तुमची मुलगी त्याच्यासमोर किती तरी वेळ उभी होती. परभणीहून तीही आली होती, आणि सगळे तिला म्हणाले, काकू समोर बसल्यासारख्या वाटतात. पदराबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि का बोलावं? तुम्ही तेव्हा बरोबर होतात. हे लिहायलाच मला चार दिवस लागले.

हे पत्र मी कुठे टाकणार? कात्रीखाली गल्ल्यातच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. काल दुकानात एक बाई आल्या, सासऱ्यांचा फोटो करायचा होता. म्हणाल्या, परभणीच्या ताईंचे फोटो लय जिवंत असतात म्हणे, तसा करा. मी त्यांना म्हणालो, "त्यांचं काय हो, त्यांच्याकडं महागडं सॉफ्टवेअर हाय."