मागची भिंत आणि रॉयसची एकवीस फुटी बोट

आधी आली शेरिलिन, माझी सून. रविवारी चर्चमधून येऊन मी डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. हिच्या हातात केळ्याच्या पुडिंगचा वाडगा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गोड घेऊन आली, तेव्हाच मी ओळखलं की हिला माझं काहीतरी हवंय. मी दोन चमचे खाते न खाते, तोवर ही माझ्या निजायच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी ओणवी होऊन भिंतीला मापाची फीत लावतेय.

"काय मापतेस गं?"

"काही नाही हो आई, सहज."

सहज म्हणे! सहज कोणी दुसऱ्याची भिंत मापतं?

पण शेजारची व्हर्नेल म्हणते, कायद्याचं आधी लिही. तर लिहिते. मी, ओडेसा फे टिडवेल, कै. होबार्ट टिडवेल यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार स्कॉट्सबरो, अलाबामा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीनं लिहून ठेवते. राजीखुशी म्हणजे किती, तर आठवडाभर मी एकटीच हसतेय. शाळा पाचवीपर्यंत, पुढं कापूस वेचायला गेले. त्यामुळं अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. गुडघे गेलेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सगळं माझा मुलगा रॉयस याला ठेवलं होतं. ते रद्द. ते मी सोमवारी अंगणात जाळलं, छान पेटलं.

कलम पहिलं. माझं राहतं घर, त्याला लागून असलेलं गॅरेज, आणि या दोहोंच्या मधली भिंत. भिंत वेगळी का लिहिली, ते सांगते.

शेरिलिनच्या मागोमाग रॉयस आला, नवी कोरी मासेमारीची बोट गाडीला जोडून. लाल रंग, त्यात चमकी. लग्नातल्या करवलीसारखी दिसत होती. त्याच्या कॉलनीत दारासमोर बोट ठेवू देत नाहीत, म्हणून माझं गॅरेज आठवलं. एरवी आई नाताळाला आठवते.

"आई, एकवीस फुटी आहे. गॅरेज तेवीस. दोन फूट उरतात!"

"अरे, मागं लोंबतं ते इंजिन आणि पुढची ती ओढायची दांडी, ती काय व्हर्नेलकडं ठेवणार?"

"तुला यातलं कळत नाही, आई."

मी एकतीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत काढली. पाऊल मापलं आणि टाच विसरली, तर मोजा चढत नाही, हे मला सतराव्या वर्षी कळलं होतं. बोट विकणारा नुसत्या बोटीचं माप सांगतो, हे तर इथली शेंबडी पोरंही जाणतात. हा बावन्न वर्षांचा.

सात वेळा आत-बाहेर केलं. माझ्या जिरेनियमच्या दोन कुंड्या गेल्या. शेवटी दांडी दुमडली, इंजिन मागच्या भिंतीला टेकलं, तरी नाक सव्वा फूट बाहेरच. मग रॉयसनं भिंतीवर बोटानं टकटक केलं, डॉक्टर पोट वाजवतात तसं.

"ही भिंत काही भार घेत नाही."

"माझा घेते. तिच्या पलीकडं मी झोपते."

"नुसतं एक भोक पाडायचं गं, इंजिन मावेल एवढं. तुझ्या बाजूनं छान पेटी करून देतो, वर फुलदाणी ठेव."

म्हणजे मी पाय पसरले की अंगठा इंजिनाच्या पंख्याला! मी हसायला लागले. तेवढ्यात शेरिलिन म्हणाली, "नाहीतरी आई, वृद्धाश्रमात तुमचं नाव घालून आलोय आम्ही. खोलीला खिडकी आहे."

मी हातातला पुडिंगचा चमचा खाली ठेवला. रॉयसकडं बघितलं. तो बुटाची नाडी बघत होता.

बोट तशीच टाकून गेले. पाच दिवस गॅरेजचं दार लागत नाही. मंगळवारी भरदिवसा एक रकून, तो डोळ्यांवर काळी पट्टी असलेला चोरटा प्राणी, आत शिरला आणि मांजराचं सगळं खाणं खाऊन वर माझ्याकडंच डोळे वटारून बघत बसला. नावं ठेवत नाही मी त्याला. त्यानं निदान भिंत तरी मापली नाही.

म्हणून: घर, गॅरेज आणि भिंत माझ्या पश्चात माझी नात लेसी टिडवेल हिला मिळावी. लेसी रॉयसचीच मुलगी, वय चोवीस, दाताच्या दवाखान्यात नोकरीला. ह्याच गॅरेजात बोट घालायला तिला होबार्टनं शिकवलं होतं. होबार्ट गेला, आणि कबरीवरची फुलं सुकली नव्हती तोवर रॉयसनं त्याची बोट मला न विचारता विकली. लेसी तेव्हा आठवडाभर बापाशी बोलली नाही. मी अजूनही मनातून बोलत नाही.

बुधवारी लेसी आली. लाल बोटीभोवती एक फेरी मारली, माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि फिदीफिदी हसायला लागली.

"आजी, बसते गं ही."

"आणि भिंत?"

"भिंतीला नखसुद्धा लावायचं नाही. आजोबांसारखी तिरकी घालायची, शेपूट फ्रीजरच्या कोपऱ्यात, आणि इंजिन पूर्ण डावीकडं वळवायचं. बाबा ते नाकासमोर सरळ ठेवतात. फ्रीजर तेवढा ओसरीवर न्यायचा."

"बापाला सांगितलंस?"

"फोनवर सांगत होते. बाबा म्हणाले, बायकांचं काम नाही, गप्प बस."

"मग बस गप्प," मी म्हटलं.

कलम पहिलं, अट: भिंतीला भोक पाडू नये, खिळासुद्धा ठोकू नये. रॉयसला त्याची बोट हयातभर इथं ठेवता येईल. पण आत घालेल लेसी. त्या वेळी रॉयसनं पिकॅनच्या झाडाखाली हाताची घडी घालून उभं राहावं. एकदा जरी "जरा डावीकडं घे" म्हणाला, तर त्याच दिवशी बोट बाहेर.

कलम दुसरं. रॉयसला त्याच्या वडिलांची लोखंडी मापाची फीत. पुढच्या वेळी आधी मापावं, मग विकत घ्यावं.

कलम तिसरं. शेरिलिनला तिचा वाडगा, घासून, रिकामा. मी जन्मात कोणाचं भांडं रिकामं परत पाठवलं नाही, हे पहिलंच. पुडिंग चांगलं होतं, खोटं कशाला लिहू.

कलम चौथं. बँकेत असेल त्यातून माझं दफन व्हावं, उरेल ते चर्चच्या स्वयंपाकघराला. मला होबार्टच्या उजवीकडं ठेवावं. खड्ड्याचं माप रॉयसनं घेऊ नये.

कलम पाचवं. वृद्धाश्रमात माझं नाव ज्यांनी घातलंय, त्यांनीच ते काढावं, किंवा स्वतः जाऊन राहावं. खिडकी आहे म्हणे.

व्हर्नेलला यात काही नाही, कारण ती साक्षीदार. म्हणून पीचच्या मुरंब्याच्या सहा बरण्या तिला आजच दिल्या.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, मला पटलं, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: ओडेसा फे टिडवेल

साक्षीदार:
१. व्हर्नेल स्टोव्हॉल, शेजारीण (सात वेळा आत-बाहेर मीही कुंपणावरून मोजलं आहे)
२. ड्यूई कॉफील्ड, टपालवाला

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, स्कॉट्सबरो
दिनांक: १८ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

फ्रीजर ड्यूईनं आत्ताच ओसरीवर नेऊन ठेवला. लेसी होबार्टचा जुना पिकअप घेऊन उद्या सकाळी सातला येतेय. दाराला लावायला नवं कुलूप मी आणून ठेवलंय. रॉयस आणि शेरिलिन करवत घेऊन परत येतो म्हणून सांगून गेलेत, ते उद्याच, शनिवारी, सकाळी आठ वाजता.